हवेच्या दाबावर चालणारा पडदापंप : वापर, निगराणी आणि धुलाई

लोटे-परशुराम, महाड, रोहा, तारापूर यांसारख्या औद्योगिक वसाहतींत रंग, औषधद्रव्ये किंवा अन्य रसायने तयार करणाऱ्या कारखान्याच्या आवारात कोणत्याही पाळीला शिरले, तरी मोटारींच्या अखंड घरघरीतून सहज वेगळा ओळखू येणारा, नियमित अंतराने उठणारा एक फटफटाट कानी पडतो. तो हवेच्या दाबावर चालणाऱ्या दुहेरी पडद्याच्या पंपाचा असतो. सांडपाणी-शुद्धीकरण विभागातील गाळ फिल्टर प्रेसमध्ये चढविणे असो, गोदामातील पिंपांतून द्रावक काढून घेणे असो, की साठवणीच्या टाकीतील आम्ल रिॲक्टरपर्यंत पोहोचविणे असो, जेथे साध्या केंद्रोत्सारी पंपाचे काही चालत नाही तेथे या पंपाची योजना होते. कॅलिफोर्नियात जिम विल्डेन यांनी १९५५ साली तो प्रथम घडविला, आणि तेव्हापासून त्याच्या धातूंत, रबरांत व झडपांत कितीही सुधारणा झाल्या असल्या तरी मूळ तत्त्व आजतागायत तेच राहिले आहे. हा पंप रोज हाताळणारा ऑपरेटर, त्याची दुरुस्ती करणारा फिटर आणि या दोघांच्या कामाखाली ज्याची सही होते तो पाळीप्रमुख, या तिघांना नजरेसमोर ठेवून पुढील मजकूर लिहिला आहे.

पंपाची रचना एकदा मनात नीट ठसली म्हणजे बहुतेक सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप सुचतात. मधोमध हवेची झडप बसविलेला एक ठोकळा, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोकळ कोठे, प्रत्येक कोठ्याचे उभे दोन भाग पाडणारा एकेक लवचिक पडदा, आणि हे दोन्ही पडदे एकमेकांशी जखडून ठेवणारा आडवा दांडा, एवढाच त्याचा संसार. पडद्याच्या आतल्या अंगाला हवा खेळते, बाहेरच्या अंगाला द्रव. झडपेने एका पडद्यामागे हवा सोडली की तो बाहेर रेटला जाऊन आपल्या कोठ्यातील द्रव वर ढकलतो, आणि त्याच क्षणी दांड्याबरोबर ओढला गेलेला दुसरा पडदा आत येऊन आपल्या कोठ्यात खालून द्रव खेचून घेतो. दांडा टोकाला पोहोचला की झडप पालटते, काम संपलेली हवा मफलरमधून बाहेर पडते, आणि हाच क्रम उलट दिशेने पुन्हा सुरू होतो. द्रव मागे फिरू नये म्हणून प्रत्येक कोठ्याच्या तळाशी व माथ्याशी सीटवर बसणारी एकेक गोळी असते. अशा एकंदर चार. ज्याने लोहाराचा भाता चालताना पाहिला आहे त्याने तसे दोन भाते पाठीला पाठ लावून एकाच दांड्याने बांधले आहेत अशी कल्पना केली, तरी त्याला हे यंत्र समजले असे म्हणावयास हरकत नाही.

या रचनेमुळे पंपाच्या अंगी एक दुर्मीळ सहनशीलता आली आहे. त्याला वीज लागत नाही. फिरता शाफ्ट नसल्यामुळे शाफ्टभोवतीची गळती नाही. निकासाचा व्हॉल्व्ह कोणी बंद केला तर हवेचा व द्रवाचा दाब समतोल होताच तो मुकाट्याने थांबतो, आणि व्हॉल्व्ह उघडला की पुन्हा चालू लागतो. टाकी रिकामी झाल्यावर कोरडा चालला तरी जळत नाही. विजेच्या मोटारीवरचा पंप चुकीची शिक्षा तत्काळ देऊन मोकळा होतो. हा मात्र चूक पोटात घालतो, आणि म्हणूनच त्याच्याबाबतीत हयगय करण्याची खोड कामगारालाच नव्हे, तर साहेबालाही लागते. माझ्या मते या पंपाचा खरा धोका त्याच्या या गुणातच दडलेला आहे. बाहेरून निरुपद्रवी दिसणाऱ्या या ठोकळ्यात कोंडलेल्या हवेची शक्ती एका बाजूला आणि आम्ल, दाहक किंवा ज्वालाग्राही द्रव दुसऱ्या बाजूला असतो, आणि दोहोंच्या मध्ये उभी असते ती केवळ काही मिलिमीटर जाडीच्या रबराची सीमा. तो पडदा शाबूत आहे की नाही, हा प्रश्न ज्याच्या मनात पाळीच्या आरंभापासून अखेरपर्यंत जागा राहील त्याच्या हातून मोठी चूक होणे कठीण.

म्हणून आरंभ पडद्याच्या निवडीपासूनच करावयास हवा. भांडारातून जो पंप मोकळा मिळाला तो उचलावा आणि हाती असलेल्या द्रवाला लावावा, हा शिरस्ता अनेक कारखान्यांत दिसतो, आणि तो सर्वथा त्याज्य आहे. निओप्रीन हे पाणी, गाळ व सौम्य रसायनांसाठी स्वस्त आणि चिवट, नायट्राइल रबर डिझेल, खनिज तेल यांपुढे टिकते, परंतु ॲसिटोनसारखी कीटोन द्रव्ये त्याला फुगवून निकामी करतात, ई.पी.डी.एम. कॉस्टिकला व अनेक आम्लांना दाद देत नाही, पण खनिज तेलाचा स्पर्श त्याला सोसत नाही; व्हायटॉन टोल्युइनसारख्या द्रावकांना पुरून उरते, तरी कीटोनांपुढे तेही हार खाते. टेफ्लॉन जवळजवळ सर्वच रसायनांपुढे निर्विकार राहते खरे, मात्र त्याला रबराची लवचिकता नसल्यामुळे त्याच्यामागे बहुधा रबराचा आधार-पडदा द्यावा लागतो. उष्णतेची मर्यादाही प्रत्येकाची निराळी आहे: निर्मात्यांच्या कोष्टकांत साधारणपणे पॉलिप्रॉपिलीनच्या अंगाला ७९ अंश सेल्सिअस, निओप्रीनला ९३ आणि टेफ्लॉनला १०४ अशा मर्यादा आढळतात, आणि संपूर्ण पंपाची मर्यादा म्हणजे त्यातील सर्वांत दुबळ्या भागाची मर्यादा, हे विसरता कामा नये. पंपाच्या अंगाचीही चौकशी याच बारकाईने व्हावयास हवी. ॲल्युमिनियमच्या पंपातून कॉस्टिक नेले तर धातू झिजतो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. आणि मेथिलीन क्लोराइडसारखे क्लोरीनयुक्त द्रावक ॲल्युमिनियमच्या पंपात कोंडले गेले तर रासायनिक प्रक्रिया भडकून पंप फुटण्यापर्यंत पाळी येऊ शकते, अशी स्पष्ट ताकीद पंपनिर्माते स्वतःच देतात. धुण्यासाठी जे द्रावक वापरावयाचे त्यालाही हा निर्बंध तितकाच लागू आहे. पण धुताना तो हटकून विसरला जातो.

उभारणीविषयी थोडक्यात सांगतो. चोषणाचा होज पंपाच्या तोंडापेक्षा अरुंद नसावा, आणि निर्वाताने चेपणार नाही असा तारेने सुदृढ केलेला असावा. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटरचाच स्तंभ तोलून धरू शकतो, त्यामुळे कोरड्या पंपाकडून चार-सहा मीटरपेक्षा अधिक उंचीच्या चोषणाची अपेक्षा करू नये. उलटपक्षी, उंच टाकीचा भरपूर दाब चोषणाच्या बाजूने पडद्यावर सतत पडत राहिला तर पडदा अकाली थकतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या-पाऊण किलोपलीकडे जाऊ नये अशी तजवीज असावी. दोन इंची पंपातून साधारणतः सहा मिलिमीटरपर्यंतचेच खडे सुखरूप पार पडतात. त्याहून मोठा खडा, चिंधी किंवा वेल्डिंगची सळई गाळातून आली तर ती नेमकी गोळीखाली अडकते, सबब चोषणाच्या टोकाला जाळी हवीच.

हवेच्या लाइनीकडे मात्र अधिक लक्ष द्यावयास हवे, कारण कोकणातील कारखान्यांत निम्म्या तक्रारी पंपाच्या नसून हवेच्याच असतात असे माझे निरीक्षण आहे. पावसाळ्यातील दमट हवा कॉम्प्रेसरने दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. ते रिसीव्हरमधून काढून टाकले नाही तर पंपाच्या झडपेपर्यंत पोहोचते, आणि तेथे एक विलक्षण प्रकार घडतो. दाबाखालची हवा मफलरमधून एकाएकी मोकळी होताना इतकी थंड होते की भर जूनच्या उकाड्यातही मफलरवर बर्फ जमतो, निकास कोंडतो आणि पंप मंदावून थांबतो. अशा वेळी पंपाला हातोडीचा ठोका देण्याची जी परंपरा आहे ती पॉलिप्रॉपिलीनच्या अंगाला तडा देण्यापलीकडे काही साधत नाही. पंप थोडा वेळ बंद ठेवावा, बर्फ वितळू द्यावा, हवेचा दाब कमी करून पुन्हा सुरू करावा. आणि कायमचा इलाज म्हणून रिसीव्हरचा ड्रेन प्रत्येक पाळीला उघडावा व लाइनीवर ड्रायर बसवून घ्यावा. पंपाच्या अगोदर फिल्टर, दाब ठरविणारा रेग्युलेटर व दाबमापक आणि हवेचे प्रमाण आवरणारा सुईव्हॉल्व्ह, असा सरंजाम असावा. झडपेला तेल द्यावयाचे की नाही हे निर्मात्याच्या पुस्तिकेवरूनच ठरवावे. आजचे बरेचसे पंप बिनतेली चालण्यासाठी घडविलेले असतात. त्यांत आपल्या मनाने तेल सोडले तर कारखान्यातच भरलेले वंगण धुऊन जाते, आणि मग तेल नियमाने देत राहावे लागते.

द्रावकांच्या बाबतीत विजेची मोटार नाही म्हणून ठिणगीचे भय नाही, अशी एक गोड समजूत प्रचलित आहे. टोल्युइन, हेक्झेन यांसारखी द्रव्ये नळीतून वाहतानाच त्यांच्यात स्थिर विद्युत साठत जाते, आणि तिला जमिनीत उतरण्याची वाट मिळाली नाही तर पिंपाच्या तोंडाशी एक बारीकशी ठिणगी पुरेशी होते. पंप, रिकामे होणारे पिंप आणि भरले जाणारे पात्र ही तिन्ही तांब्याच्या तारेने परस्परांशी व अर्थिंगशी जोडावीत. होज विद्युत्‌वाहक असावा. भरण्याची नळी पात्राच्या तळापर्यंत पोहोचवावी, म्हणजे द्रव उंचावरून शिंतोडे उडवीत पडणार नाही. आणि प्रारंभी वेग मंद ठेवावा. साध्या पॉलिप्रॉपिलीनचा पंप विद्युत वाहू देत नाही, त्यामुळे त्याला अर्थिंगची तार बांधली तरी ती शोभेचीच. ज्वालाग्राही द्रवासाठी त्याचा वापर करू नये, मग तो आम्लासाठी कितीही उत्तम असो.

आता पंप चालू करण्याचा क्रम पाहू. प्रथम पंपाभोवती एक फेरी मारावी: बोल्ट सैल दिसतात काय, जोडावर ओल आहे काय, अर्थिंगची तार जागेवर आहे काय, मफलर जागेवर आहे की कोणी काढून ठेवला आहे. चष्मा, हातमोजे आणि द्रवाच्या स्वभावानुसार ॲप्रन व तोंडावरील ढाल चढवूनच व्हॉल्व्हला हात घालावा. चोषणाचा व निकासाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा करावा. रेग्युलेटर अगदी खाली, एक-दीड किलोवर आणावा. मग हवेचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. कोरडा पंप सुरुवातीला भरधाव सोडला की गोळ्या सीटवर नीट बसत नाहीत आणि द्रव वर चढतच नाही. सावकाश सोडला की तो स्वतःच द्रव ओढून घेतो. द्रव येऊ लागल्यानंतरच दाब वाढवावा. कितीपर्यंत? अनेक धातूंच्या पंपांची मर्यादा ८.६ बार, म्हणजे १२५ पी.एस.आय.च्या आसपास असते, प्लास्टिकच्या कित्येक पंपांची त्याहून कमी. परंतु पंपाच्या पाटीवरील अंक म्हणजे आपले उद्दिष्ट नव्हे. काम जेवढ्या दाबात होते तेवढाच दाब द्यावा, कारण पडद्याचे आयुष्य त्याच्या ठोक्यांच्या संख्येने व ताणाने मोजले जाते. प्रवाह कमी करावयाचा असेल तर हवा आवरावी, फार तर निकास आवळावा. चोषणाचा व्हॉल्व्ह आवळून प्रवाह कमी करणे म्हणजे पडद्याला निर्वाताच्या हाती देणे होय. पुढील नळी, फिल्टर किंवा पात्र यांची सहनशक्ती पंपापेक्षा कमी असेल तर रेग्युलेटर तिच्याच मानाने बांधून ठेवावा. दाबाखालील सामग्रीत सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये असा दंडक कारखाने अधिनियम, १९४८ याच्या ३१ व्या कलमाने घातला, तो अशाच प्रसंगांसाठी.

फिल्टर प्रेसचे उदाहरण येथे मुद्दाम घेतो, कारण या पंपाचा स्वभाव तेथे सर्वांत स्पष्ट दिसतो. पहिल्या काही मिनिटांत कापड स्वच्छ असते, गाळ सहज आत जातो आणि पंप जलद ठोके देतो. त्या वेळी दाब एक-दोन किलोच ठेवावा, नाहीतर बारीक कण एकदम कापडाच्या छिद्रांत घुसून बसतात. कापडावर गाळाचा थर, म्हणजे केक, जमू लागतो तसतसा विरोध वाढतो, ठोके विरळ होतात, आणि ऑपरेटरने टप्प्याटप्प्याने दाब वाढवीत न्यावा, मात्र प्लेटांच्या मर्यादेपलीकडे कधीही नेऊ नये. शेवटी दोन ठोक्यांमधील अंतर मिनिटाच्या घरात गेले की केक भरला असे समजावे. या अवस्थेत पंप थांबल्यासारखा दिसतो, पण लाइनीत व प्रेसमध्ये पूर्ण दाब कोंडलेला असतो. तो मोकळा न करता प्रेसचा जॅक सैल करणाऱ्याच्या अंगावर गाळाचा फवारा उडतो, ही गोष्ट सांडपाणी विभागात काम केलेल्या कोणालाही नव्याने सांगावयास नको.

निगराणीसाठी महागडी उपकरणे असली तर उत्तमच, पण कान आणि घड्याळ यांवाचून त्यांचा उपयोग नाही. प्रत्येक पंपाचा नेहमीच्या कामातील ठोक्यांचा दर मिनिटाला किती, हे पंप चांगल्या स्थितीत असताना मोजून त्याच्यावर रंगाने लिहून ठेवावे. पुढे पाळीतून दोनदा मोजून नोंदवहीत भरावे. ठोके एकाएकी वाढले आणि द्रव कमी झाला, तर चोषणाच्या जोडातून हवा शिरत आहे, टाकी रिकामी होत आहे किंवा गोळ्या झिजल्या आहेत असे धरून तपास करावा. ठोके मंदावले तर मफलर, बर्फ, निकासातील चोंदणे आणि हवेचा दाब यांकडे पाहावे. एक ठोका लांब आणि एक आखूड असा लंगडा ताल आला तर बहुधा एकाच कोठ्यातील गोळीखाली काही अडकले आहे. झडपेतून सतत हवा सूं करीत राहिली तर तिचे सील गेले. अधूनमधून एक सोपी परीक्षा घ्यावी: पंप चालू असताना निकासाचा व्हॉल्व्ह सावकाश बंद करावा. निरोगी पंप एक-दोन ठोक्यांत स्तब्ध होतो. तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा ठोका देत राहिला, तर आतल्या आत द्रव किंवा हवा कोठून तरी निसटते आहे, हे निश्चित. ही परीक्षा आठवड्यातून एकदा घेतली तरी पंप उघडण्याची वेळ पाळीप्रमुखाला आठ-पंधरा दिवस आधी कळते, आणि मध्यरात्री धावाधाव करावी लागत नाही.

परंतु सर्वांत महत्त्वाची खूण मफलरपाशी मिळते. पडदा फाटला म्हणजे द्रवाला हवेच्या बाजूला वाट मिळते, आणि तो मफलरमधून बाहेर उडतो. त्याच वेळी हवा द्रवात शिरून निकासाच्या नळीत बुडबुडे दिसू लागतात. प्रारंभी मफलरच्या तोंडाशी केवळ ओल किंवा रंगाचा डाग दिसतो, आणि तो तेलाचा असेल म्हणून फडक्याने पुसला जातो. हे पुसणे घातक आहे. डाग दिसताच पंप बंद करून पाळीप्रमुखाला कळविले पाहिजे, कारण काल जेथे डाग होता तेथून आज आम्लाचा तुषार समोरून जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर येऊ शकतो. आम्ल, विषारी द्रव किंवा द्रावक यांसाठी लावलेल्या पंपाचा मफलर तसाच उघडा ठेवू नये. त्याच्या जागी नळी जोडून ती माणसांच्या वावरापासून दूर, योग्य पात्रात किंवा स्क्रबरकडे न्यावी. पंप द्रवात बुडवून ठेवला असेल तर ही नळी द्रवाच्या पातळीच्या वर हवी. आणखी एक बारकावा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: टाकी उंचावर असून पडदा फाटलेला असेल, तर हवा बंद केल्यानेही गळती थांबत नाही. टाकीतील द्रव आपल्या वजनानेच पंपातून, झडपेतून, मफलरमधून वाहत राहतो. चोषणाचा व्हॉल्व्ह हाताच्या अंतरावर आणि सहज फिरणारा का असावा, याचे कारण हेच. फाटलेल्या पडद्याबरोबर दुसराही पडदा बदलून टाकावा. दोघांनी ठोके सारखेच खाल्लेले असतात, आणि जुन्याला राखून वाचविलेले पैसे पुढच्या महिन्यात पंप पुन्हा उघडण्याच्या मजुरीत जातात.

फिरत्या पंपाविषयी मला विशेष कळकळीने सांगावेसे वाटते. चाकांवर बसविलेला एकच पंप सकाळी एका विभागात, दुपारी दुसऱ्या विभागात, असा कारखानाभर भाड्याच्या बैलासारखा फिरविला जातो, आणि प्रत्येक ठिकाणचा थोडा द्रव पोटात घेऊन पुढे जातो. सोडियम हायपोक्लोराइट काढलेला पंप न धुता आम्लाला लावला तर क्लोरीन वायू निघतो. सल्फाइडयुक्त सांडपाण्यातून आलेला पंप आम्लाला लावला तर हायड्रोजन सल्फाइड निघतो, ज्याचा दुर्गंध काही वेळाने नाकाला कळेनासा होतो पण ज्याचे विष कमी होत नाही. यावर धुण्याचा इलाज आहे खरा, तथापि धुतला गेला की नाही हे पंपाकडे पाहून कळत नाही. म्हणून आम्ल, अल्कली, हायपो व द्रावक यांचे पंप वेगवेगळ्या रंगांचे असावेत आणि त्यांची अदलाबदल करण्याची मुभा कोणालाच, पाळीप्रमुखालाही, नसावी.

पंप उघडण्यापूर्वी हवेचा व्हॉल्व्ह बंद करणे पुरेसे नाही. व्हॉल्व्हपासून पंपापर्यंतच्या होजमध्ये, पडद्यामागे आणि निकासाच्या लाइनीत दाब शिल्लक असतो. हात आत असताना झडप पालटली तर दांडा एक ठोका देऊन बोटे चिरडू शकतो. हवा बंद करून त्या व्हॉल्व्हला कुलूप व फलक लावावा, लाइनीतील हवा बाहेर सोडणारा ब्लीड-व्हॉल्व्ह उघडावा, होज पंपापासून सोडवूनच ठेवावा. निकासाचा दाब टाकीकडे मोकळा करावा. चोषण व निकास दोन्ही बंद करून पंपातील द्रव योग्य पात्रात उतरवून घ्यावा. आणि पहिला बोल्ट सैल करताना आपला चेहरा जोडाच्या रेषेत ठेवू नये. पंप गाळाच्या खड्ड्यात बसविलेला असेल तर चोंदणे काढण्यासाठी कोणीही परस्पर खाली उतरू नये. अशा कोंदट जागेत वायूची तपासणी, लेखी परवाना, कमरेला दोर व श्वसनसाधन आणि वर उभा असलेला साथीदार यांवाचून प्रवेश नाही, हे त्याच अधिनियमाच्या ३६ व्या कलमामागील सूत्र होते. खाली पडलेल्याला वाचवायला भावनेच्या भरात उतरलेला दुसरा माणूसही तेथेच राहतो, असे प्रसंग आपल्या वर्तमानपत्रांतून वारंवार येतात. शक्य असेल तेथे पंप खड्ड्यात बसवूच नये; तो वर ठेवून चोषणाची नळी खाली सोडावी, चोषण तेवढे त्याला सहज जमते.

धुलाईची वेळ काम संपल्याबरोबरची, दुसऱ्या दिवसाची नव्हे. चुन्याचे मिश्रण, पॉलिमर, रंगाचा लगदा हे पंप थांबताच कोठ्यांच्या तळाशी बसू लागतात, आणि रात्रीत कठीण झालेल्या थराशी सकाळचा पहिला ठोका आदळला की पडदा मध्यभागीच फाटतो. पंप चालू असतानाच चोषणाची नळी धुण्याच्या द्रवाच्या पिंपात टाकावी, दाब कमी ठेवावा, आणि निकासातून स्वच्छ द्रव येईपर्यंत, व त्यानंतरही थोडा वेळ, चालवावा. पाण्यात विरणाऱ्या पदार्थांना पाणी पुरते. तेलकट किंवा राळयुक्त पदार्थांना सुसंगत द्रावक लागते, आणि सुसंगत म्हणजे द्रवाशी, पडद्याशी व पंपाच्या अंगाशी, अशी तिहेरी सुसंगती. तीव्र गंधकाम्लाच्या पंपात थेट पाणी सोडू नये. आम्लात पडलेले थोडे पाणी उकळी फुटण्याइतकी उष्णता निर्माण करते. आधी पंप पूर्ण निथळवावा, आणि मग भरपूर पाण्याचा प्रवाह एकदम सोडावा, म्हणजे उरलेला थेंब त्यात विरून जाईल. जमलेला चुना सौम्य आम्लाने सुटतो, पण लोखंडी व ॲल्युमिनियमच्या अंगाला तेच आम्ल खाते. तेथे लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी आणि धीर हाच मार्ग. धुण्याचे पाणी गटारात सोडू नये, ते सांडपाणी-शुद्धीकरणाकडे जावे. बहुतेक पंपांत प्रवेश खाली व निकास वर असल्यामुळे धुऊन झाल्यावरही तळाशी थोडा द्रव उरतो. फिरता पंप असेल तर तो उलटा करून, स्थिर असेल तर तळाचा प्लग काढून निथळवावा. आणि धुतल्यावर आपले कपडे हवेच्या होजने वाळविण्याची जी लकब आहे ती तत्काळ बंद करावी. दाबाखालची हवा कातडीखाली शिरू शकते, डोळा तर क्षणात जायबंदी करते.

महिन्या-दोन महिन्यांनी पंप पूर्ण उघडून गोळ्या, सीट, पडदे व झडपेचा स्पूल स्वच्छ करताना पत्र्याने किंवा तारेच्या ब्रशने खरवडू नये. सीटवर पडलेला एक ओरखडा गोळीला नीट बसू देत नाही. पडद्याच्या कडेला भेगा, मध्यभागी पांढरट घड्या किंवा फुगवटा दिसला की तो फाटण्याची वाट न पाहता बदलावा. जोडताना पडद्यावर 'हवेची बाजू' अशी खूण असल्यास ती हवेकडेच यावी, आणि पडद्याला आधार देणाऱ्या तबकडीची गोलाई केलेली कड पडद्याला लागावी. धारदार कड लागली तर नवा पडदा आठवडाही टिकत नाही. बोल्ट एकामागून एक क्रमाने न आवळता समोरासमोरचे आवळत जावे, तेही पुस्तिकेतील माप पाहून टॉर्क पान्याने. टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू सरकते, त्यामुळे चोवीस तासांनी हे बोल्ट पुन्हा तपासणे क्रमप्राप्त आहे. पहिल्याच दिवशी जोडातून येणाऱ्या गळतीचे मूळ निम्म्या वेळा या विसरलेल्या आवळण्यात सापडते.

मजकडे आलेल्या बहुतेक पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि त्यांची जागा व्यवस्थापकाच्या कपाटात होती. पंपापाशी उभा असलेला ऑपरेटर मात्र मराठी किंवा हिंदी वाचतो. कोणता द्रव, कोणता पडदा, जास्तीत जास्त हवेचा दाब किती, ठोके किती आणि मफलरपाशी ओल दिसल्यास कोणाला हाक मारावयाची, एवढ्या पाच गोष्टी मराठीत जाड अक्षरांत लिहून, प्लास्टिकने मढवून, पंपाशेजारच्या भिंतीवर लावावयास एका दुपारहून अधिक वेळ लागत नाही. दुरुस्तीनंतर पुन्हा जोडलेला पंप द्रवाला लावण्यापूर्वी स्वच्छ पाण्यावर कमी दाबाने चालवून पाहावा, निकास बंद करून तो थांबतो की नाही याची रुजुवात करावी, आणि तारीख, बदललेले भाग, पडद्याचा प्रकार व मोजलेले ठोके नोंदवहीत लिहून फिटरने व पाळीप्रमुखाने सह्या कराव्यात. मात्र पाण्याशी प्रक्रिया करणाऱ्या द्रवाचा पंप असेल, तर या चाचणीचे पाणी पूर्ण निथळून पंप वाळल्यानंतरच त्याला लाइनीवर जोडावे.